चौक यायच्या आधीच लेन ठरवा: नागपुरातल्या बहुपदरी रस्त्यांवर गाडी कशी चालवायची

वर्धा रोडवर अजनीकडून विमानतळाकडे जाताना रस्ता दुमजली होतो. डिव्हायडरजवळचा, म्हणजे उजवीकडचा भाग पुलावर चढतो आणि डावीकडचा खालूनच पुढे जातो. त्या चढाच्या तोंडाशी दिवसभर एकच प्रकार चाललेला असतो. वर जाणारा डाव्या लेनमध्ये असतो, खालून छत्रपती चौकाला जाणारा उजव्या लेनमध्ये असतो, आणि दोघांनाही हे शेवटच्या तीस-चाळीस मीटरवर आठवतं. मग दोघं एकमेकांना आडवे, मागे हॉर्नचा कल्ला, आणि कोणीतरी काच खाली करून विचारतंच, "ओ भाऊ, काहून आडवा येऊन राहिला?"

लेनची शिस्त म्हणजे दोन रेघांच्या मधोमध सरळ चालणं, असं बहुतेकांना वाटतं. ते कोणालाही जमतं. अवघड आहे ते पुढे कुठे वळायचं हे दोनशे-तीनशे मीटर आधी ठरवणं आणि त्या लेनमध्ये वेळेत जाऊन बसणं. आपल्याकडचे बहुतेक कट आणि चौकातल्या बऱ्याचशा शिव्या उशिरा घेतलेल्या निर्णयामुळे होतात. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. सुरुवात चारचाकीपासून केली असली तरी दुचाकीवाल्यांनी मधला भाग सोडू नये.

निघण्याआधी आरसे लावा

नेहमी बसता तसे सीटवर बसा. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची कड जेमतेम दिसली पाहिजे. अर्ध्या आरशात आपलाच दरवाजा दिसत असेल तर तेवढा आरसा वाया गेला. आरशात रस्ता आणि आकाश साधारण निम्मे-निम्मे असू द्या. मधल्या आरशात मागची पूर्ण काच दिसावी. तिथे उशी, टेडी किंवा दप्तरं रचली असतील तर आधी काढा.

आता एक छोटी परीक्षा घ्या. गाडी घरासमोर उभी असताना घरातल्या कोणाला तरी मागच्या चाकापासून हळूहळू तुमच्या दरवाज्याकडे चालत यायला सांगा आणि तुम्ही नजर फक्त आरशात ठेवा. एका जागी तो माणूस आरशातून गायब होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातही दिसत नाही. दोन्ही बाजूंची ती जागा लक्षात ठेवा. गर्दीच्या वेळी एखादी दुचाकी हमखास तिथेच असते. म्हणून लेन बदलताना नुसता आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून बघावंच लागतं.

रेघा वाचा, नसतील तर सांधे वाचा

तुटक पांढरी रेघ असेल तर बघून, इंडिकेटर देऊन लेन बदलता येते. चौक जवळ आला की हीच रेघ सलग होते. तिचा अर्थ, निवडायची वेळ संपली, आता आहात तिथेच राहा. दोन दिशांच्या मधली सलग पिवळी रेघ ओलांडायची नाही. एक सलग आणि एक तुटक अशा दोन रेघा असतील तर आपल्या बाजूची कोणती आहे ते बघायचं. रस्त्यावर काढलेले बाण शोभेचे नसतात. सरळ बाणावर उभं राहून उजवीकडे वळलात तर शेजारच्या लेनमधून वळणाऱ्याच्या अंगावरच जाल.

पण रेघा दिसल्या तर! नागपुरातल्या कितीतरी रस्त्यांवर दोन उन्हाळे आणि एक पावसाळा गेला की रंग उरत नाही. इथे आपले सिमेंट रोड कामी येतात. काँक्रीटचा रस्ता पट्ट्यापट्ट्यांनी ओततात आणि दोन पट्ट्यांमध्ये लांबच लांब उभा सांधा राहतो. त्यात काळा मसाला भरलेला असल्यामुळे तो लांबूनही दिसतो. आपल्याकडे एक लेन साधारण साडेतीन मीटरची धरतात आणि मोठ्या रस्त्यांवर हे उभे सांधेही बहुतेक त्याच मापाच्या आसपास असतात. रेघ पुसली गेली असेल तर त्या सांध्याला रेघ माना. ठरावीक अंतरावर जे आडवे सांधे येतात त्यांचा लेनशी संबंध नाही. एक सावधगिरी मात्र हवी. चौकाजवळ रस्ता रुंद होतो तिथे सांधे आणि लेन जुळतीलच असं नाही, तिथे बाण आणि फलक बघा.

याच सिमेंट रोडची दुसरी खोडही सांगतो. स्लॅब संपतो आणि पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे पुष्कळ ठिकाणी दोन-चार बोटांची पायरी असते. दुचाकीचं चाक तिरकं चढवलं तर ते त्या कडेवर घासत जातं आणि गाडी हातातून सुटते. कडेवरून पुन्हा रस्त्यावर यायचंच असेल तर वेग कमी करा आणि चाक त्या कडेशी शक्य तेवढं काटकोनात घेऊन चढा.

कोणती लेन कशासाठी

एका बाजूला तीन लेन असतील तर डावी हळू जाणाऱ्यांची, डावीकडे वळणाऱ्यांची आणि थांबणाऱ्यांची. मधली सरळ जाणाऱ्यांची. उजवी ओव्हरटेकची आणि उजवीकडे किंवा यू-टर्न घेणाऱ्यांची. दोनच लेन असतील तर घर डाव्या लेनमध्ये करा. उजवीत कामापुरतं जायचं आणि परत यायचं.

हे पुस्तकात ठीक आहे, पण शहरात डाव्या लेनमध्ये उभ्या गाड्या असतात, फळांचा ठेला असतो, ऑटो सवारी घेत असतो, 'आपली बस' थांबलेली असते. त्यामुळे सगळे उजवीकडे सरकतात आणि डिव्हायडरला चिकटून चाळीसच्या वेगाने सुखाने चालतात. त्यांची अडचण खरी आहे, उपाय चुकीचा आहे. शहरात सरळ जायचं असेल तर मधली लेन धरा. उजवी तुम्हाला दर चौकात उजवीकडे वळणाऱ्यांच्या मागे अडकवेल, डावी दर शंभर मीटरवर अडवेल. डावीकडे उभ्या दोन गाड्यांमध्ये चार गाड्यांची जागा मोकळी दिसली म्हणून आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, असं करू नका. मागून सरळ येणाऱ्याला तुम्ही एकदा दिसता, एकदा नाहीसे होता, आणि तिसऱ्यांदा त्याच्या बंपरवर असता.

एक रस्ता प्रत्यक्ष करून बघू: रहाटे कॉलनी ते छत्रपती चौक

समजा रहाटे कॉलनी चौकातून निघून छत्रपती चौकात उजवीकडे, खामला-प्रतापनगरच्या बाजूला रिंग रोडवर जायचं आहे. उजवीकडे वळायचं म्हणून माणूस पहिल्यापासून उजवी लेन धरतो आणि नकळत पुलावर चढतो. मग छत्रपती चौक पायाखालून निघून जातो.

२०१६ मध्ये छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल पाडला. त्यानंतर २०२० मध्ये ३.१४ किलोमीटरचा हा दुमजली पूल सुरू झाला. खाली जुना रस्ता, त्यावर पूल आणि सगळ्यात वर मेट्रो. खांब डिव्हायडरमध्ये आहेत, त्यामुळे चढ रस्त्याच्या मधून, म्हणजे आपल्या उजव्या हाताला येतो. वर जाणाऱ्याने उजवीकडे असावं आणि खाली राहणाऱ्याने डावीकडे, मग त्याला पुढे कुठेही वळायचं असो.

तर क्रम असा. रहाटे कॉलनी सोडली की मधल्या लेनमध्ये या. अजनी चौक सरळ ओलांडा. पुलाचा फलक दिसताच, चढ दिसायची वाट न बघता, डावा इंडिकेटर देऊन डावीकडे सरका. चढ तुमच्या उजव्या हाताला राहू द्या. तो मागे पडला आणि खांबांची रांग सुरू झाली की मग उजवा इंडिकेटर द्या आणि एक-एक लेन करत खांबांच्या बाजूला या. हे छत्रपती चौकाच्या बरंच आधी उरकलेलं असावं. चौकात पोहोचाल तेव्हा तुम्ही उजव्या लेनमध्ये, इंडिकेटर चालू ठेवून, थांबरेषेच्या मागे उभे असाल आणि कोणाला काही समजवायची गरज पडणार नाही.

आणि हे सगळं करूनही चुकून वर चढलातच तर? पुलावर थांबायचं नाही, रिव्हर्स तर घ्यायचाच नाही. पलीकडे उतरा, यू-टर्न घ्या, परत या. काही मिनिटं जातील, तेवढंच.

पूल उतरताना उलटी काळजी घ्यावी लागते. वरून येणारे वेगात असतात आणि उजवीकडे उतरतात, खालून येणारे हळू असतात आणि डावीकडे असतात. उतरल्या उतरल्या डाव्या गल्लीत शिरायचा मोह झाला तर तो खालच्या सगळ्या गाड्यांच्या तोंडासमोरून जाण्याचा मोह असतो. आधी वेग कमी करा, सरळ चालत राहा, मग एक-एक लेन सोडा. कामठी रोडवरचा दुमजली पूल २०२४ मध्ये सुरू झाला. तो ५.६७ किलोमीटरचा आहे. तिथेही एलआयसी चौकाकडून निघताना वर की खाली हे आधीच ठरवून घ्या.

लेन बदलण्याची क्रिया

आधी मधला आरसा, मग ज्या बाजूला जायचं तिकडचा आरसा. जागा दिसली तर इंडिकेटर. त्यानंतर किमान तीन सेकंद काहीही करायचं नाही. ताशी ५० किलोमीटरने तीन सेकंदांत गाडी जवळपास चाळीस मीटर जाते आणि मागच्याला तुमचा बेत कळायला एवढा वेळ लागतोच. मग खांद्यावरून एक नजर, आणि मोकळं असेल तर वेग तसाच ठेवून सरका. ब्रेक मारत लेन बदलणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ब्रेक लागला की नव्या लेनमधला मागचा माणूस थेट तुमच्यावर येतो.

इंडिकेटर म्हणजे मी येऊ का, असा प्रश्न आहे. उत्तर मागच्याच्या वेगात दिसतं. त्याने वेग वाढवला तर त्याचं उत्तर नाही आहे. जाऊ द्या त्याला, त्याच्या मागे जागा असते.

डावीकडून थेट उजवीकडे तीन लेन एका तिरक्या रेषेत कापू नका. प्रत्येक लेनमध्ये गाडी सरळ करा, पुन्हा बघा, मग पुढची घ्या. लेन बदलून झाली की इंडिकेटर हाताने बंद करा. थोड्याशा वळणावर तो आपोआप बंद होत नाही आणि सीताबर्डीपर्यंत टिकटिकत राहतो.

हजार्ड लाइटचंही इथेच सांगून टाकतो. चौकात सरळ जायचं म्हणून चारही दिवे लावणारे बरेच आहेत. बाजूने बघणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि तो समजतो गाडी वळते आहे. सरळ जायला कोणताच दिवा लागत नाही. हजार्ड बंद पडलेल्या गाडीसाठी असतो.

सिग्नलवर

थांबरेषेच्या मागे थांबा. झेब्रा पायी चालणाऱ्यांचा आहे. आपल्या लेनमध्ये, पुढच्या गाडीच्या मागेच उभं राहा. दोन गाड्यांच्या मधल्या त्रिकोणात नाक खुपसून ठेवलं तर हिरवा लागल्यावर तीन लेनच्या पाच रांगा होतात आणि चौकाच्या पलीकडे पुन्हा तीन लेन असतात. दोन रांगा मग कुठे जाणार? त्या घासाघासीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात सरळ रांगेतले सगळे निघून गेले असते. टायमरवर पाच उरले की गाडी पुढे रेटायची सवयही सोडा. तेवढ्यात आडव्या रस्त्यावरचा शेवटचा माणूस पिवळ्यावर घुसलेला असतो.

डावी लेन सरळ जाणाऱ्यांनी अडवू नये. डावीकडे वळायला परवानगी देणारा फलक किंवा हिरवा बाण असेल तर ती लेन वाहती राहिली पाहिजे. फलक नसेल तर लाल दिव्यावर डावीकडे वळणंही चालत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मे महिन्यातल्या दुपारचा नियम वेगळाच. पंचेचाळीसचं ऊन असलं की दुचाकीवाले थांबरेषेवर नाही, सावलीत थांबतात. कडुनिंबाखाली दहा जण, पुलाच्या सावलीत वीस जण, आणि मधला रस्ता रिकामा. कोणी नावं ठेवू नये, डोकं तापतंच. पण हिरवा लागला की ते सगळे एकदम तिरपे सुटतात. चारचाकीत एसी लावून बसलेल्याने तेवढं ध्यानात घेऊन पहिली दोन सेकंदं सोडावीत. आणि सावलीत थांबणाऱ्याने निदान ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूची सावली धरावी.

दुचाकीवाल्यांसाठी

डावीकडे चाला, पण अगदी कडेला नको. कडेला वाळू, गटाराची जाळी, ती पेव्हरची पायरी आणि उभ्या गाडीचा अचानक उघडणारा दरवाजा असतो. डाव्या लेनच्या मधोमध किंवा किंचित उजवीकडे राहिलात तर मागच्या कारला तुम्ही गाडी म्हणून दिसता. कडेला गेलात तर तुमच्याच लेनमधून तुम्हाला घासून जायचा हक्क आहे असं त्याला वाटतं. उभ्या गाड्यांपासून दरवाजाभर अंतर ठेवा.

आरसे दुमडून ठेवू नका आणि 'लूक' साठी काढूनही टाकू नका.

बस किंवा ट्रक आणि डिव्हायडर यांच्यामधल्या फटीत शिरू नका. बसच्या डाव्या बाजूने तर मुळीच नको. लांब गाडी डावीकडे वळताना आधी थोडी उजवीकडे जाते, त्यामुळे डावीकडे मोकळी जागा झाल्यासारखी दिसते. मग मागची चाकं आत कापत येतात आणि ती जागा संपते. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

डाव्या लेनमध्ये आणखी एक धोका समोरून येतो, तो म्हणजे राँग साइड. डिव्हायडरमधला पुढचा कट अर्धा किलोमीटर लांब आहे म्हणून लोक उलटे येतात आणि कडेकडेनेच येतात. त्यांना धडा शिकवायला जाऊ नका. वेग कमी करा, मागे बघा आणि मगच उजवीकडे सरका. घाबरून एकदम उजवीकडे हँडल फिरवलं की मागून येणारी कार असते.

गॅप ठेवला की दुसरा घुसतो, त्याचं काय?

घुसतो, खरं आहे. घुसू द्या. पुढची गाडी मेट्रोच्या एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश मोजा. तुम्ही त्या खांबाशी दोन सेकंदांच्या आत पोहोचलात तर फार जवळ आहात. मध्ये कोणी आला तर थोडा पाय सैल करून पुन्हा तेवढं अंतर पाडायचं. शहरात पुढचा लाल सिग्नल सगळ्यांना एकाच जागी गोळा करतो. कट मारत गेलेला पांढरा टेम्पो छत्रपती चौकात तुमच्या शेजारीच उभा असतो.

ॲम्ब्युलन्स आली तर डावीकडे सरकून वाट द्या. लाल सिग्नलवर अडकला असाल तर सगळ्यांनी मिळून थोडं-थोडं डावीकडे होणं हाच मार्ग आहे. वाट अडवली तर मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. राँग साइड चालवणं आणि बेकायदा ओव्हरटेक करणं २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते.

समृद्धीवर

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर शहरातल्या सवयी घेऊन जाऊ नका. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून थेट मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला आहे. एका बाजूला तीन लेन, दुचाकी आणि तीनचाकीला बंदी. कारला ताशी १२०, मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा. डावी लेन ट्रकची, मधली तुमची, उजवी फक्त ओव्हरटेकची. ओव्हरटेक झाला, मागे टाकलेली गाडी मधल्या आरशात पूर्ण दिसली, की मधल्या लेनमध्ये परत. मी तर शंभरनेच चाललो आहे, मग उजवीत राहिलो तर काय, असं म्हणणाऱ्याच्या मागे १२० ने येणारा त्याला डावीकडून कापतो, आणि तिथेच डाव्या लेनमधला ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडायला मधल्या लेनमध्ये येत असतो.

१२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. इथे दोन नाही, तीन सेकंदांचं अंतर ठेवा, म्हणजे शंभर मीटर. लेन बदलताना आरशात बारीक दिसणारी गाडी डोळे मिटून उघडेपर्यंत जवळ येते, म्हणून आरसा एकदा नाही, दोनदा बघा. दोन नजरांमध्ये ती किती मोठी झाली, त्यावरून तिचा वेग कळतो.

ट्रक उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसला असेल तर डिपर द्या, एकदा हॉर्न द्या, थांबा. बहुतेक जण सरकतात. नाहीच सरकला तर चिडून त्याच्या मागच्या फाळक्याला चिकटू नका, तिथून पुढचं काहीच दिसत नाही. अंतर ठेवून मधल्या लेनमध्ये या आणि आपल्या वेगाने चाला. तो मागे पडला तर पडला. पण त्याच्या डावीकडून जाऊन लगेच त्याच्या तोंडासमोर उजवीकडे घुसणं नको. भरलेला ट्रक तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

रस्ता सरळसोट आणि एकसुरी आहे, गाडी नकळत एका बाजूला झुकायला लागते. चाक रेघेवर जाऊन आलं हे एकदा जरी जाणवलं तरी पुढच्या थांब्यावर उतरून तोंडावर पाणी मारा. कडेच्या शोल्डरवर चहा प्यायला, फोटो काढायला थांबू नका. तो बंद पडलेल्या गाडीसाठी आहे आणि झोपाळलेला ड्रायव्हर आधी तिकडेच येतो. टायरमधली हवा वायफळचा टोलनाका यायच्या आधी, टायर थंड असताना बघून घ्या.

वर्ध्याला जायचं असेल तर येळाकेळीला उतरायचं. फलक दोन किलोमीटर आधी दिसला की उजवी लेन सोडा, मधलीतून डावीत या आणि वेग रॅम्पवर गेल्यावर कमी करा, महामार्गावर नाही. बोलता-बोलता उतरायचा रस्ता निघून गेला तर शोल्डरवरून मागे येऊ नका. पुढच्या इंटरचेंजला उतरा, टोल जेवढा पडेल तेवढा भरा आणि तिथून परत फिरा.